सोपानअण्णांचा पहिला पीस

आमच्या घरमालकांनी आम्हाला खोली देण्याआधी आधारकार्ड मागितलं नाही, संदीपचा पगार विचारला नाही, आम्ही बार्शीकडचे म्हणजे नेमके कुठले हेही विचारलं नाही. त्यांनी आम्हाला जिना चढून दाखवायला सांगितलं.

आधी माझ्या नवऱ्याला, संदीपला, मग मला, मग आमची लेक मुक्ता हिला आणि शेवटी तिघांना एकदम. स्वतः खाली पडवीत डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून बसले होते. आम्ही वर पोचलो तसा खालून आवाज आला, "ताई, तुमची चप्पल घासतीया. येकदा पाय उचलून चढा." मी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. भल्याभल्यांना रांगेत उभं करते. पण त्या दिवशी मुकाट्याने खाली उतरले आणि शाळेतल्या कवायतीसारखे पाय उचलत पुन्हा चढले. मग ते उठले, शर्टाच्या खिशातून पिवळा खडू काढला आणि पहिल्या पायरीच्या कडेला बरोबरची खूण केली. आम्ही पास झालो होतो. आधारकार्ड वगैरे त्यांच्या मुलाने, महेशने, नंतर मागून घेतलं.

तर हे सोपानअण्णा. घोटावडे गावात रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा त्यांनी गोदामवाल्याला विकला, त्यातून घर नवं बांधलं आणि वर भाड्याच्या खोल्या काढल्या. घरामागे भाताची खाचरं आहेत, गोठ्यात म्हशी आहेत. पण अण्णांना कुणी शेतकरी म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. पिरंगुटच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग व्हायचे, तिथे ते निवृत्त होईपर्यंत तपासणीला होते. पाळी सुरू झाली की मशीनवरून निघालेला पहिला नग अण्णांच्या हातात यायचा. ते तो मोजणार, उजेडाकडे धरणार, कडेवरून बोट फिरवणार आणि पटलं तरच त्यावर पिवळ्या खडूची खूण करणार. तोवर सगळी माणसं हातावर हात ठेवून उभी. साहेब येऊन घड्याळ दाखवायला लागला तरी अण्णा ढिम्म. "पयला पीस पास झाल्याबिगर लाईन चालू न्हाई." अण्णा निवृत्त झाले, पण त्यांचं हे वाक्य अजून ड्युटीवर आहे.

घरात पहिली भाकरी तव्यावरून निघाली की ती अण्णांच्या ताटात जाते. ते ती उलटीपालटी करतात, कडा दाबून बघतात, एक घास खातात आणि मान हलवतात. मग बाकीचं घर जेवायला बसतं. एखाद्या दिवशी मान हलत नाही. "रिवर्क," एवढंच म्हणतात. त्यावर शेवंताकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपाशी बसूनच सांगतात की रिवर्क मी तुमच्या मानगुटीवर करीन, गुमान खावा. मग ते गुमान खातात. पण दुसऱ्या दिवशी पहिली भाकरी पुन्हा त्यांच्याच ताटात.

महेशच्या लग्नात आचाऱ्याने एकच जिलबी तळून आणायची आणि अण्णांनी ती खाईपर्यंत कढई नुसती तापत ठेवायची, असा हुकूम होता. त्यांची सून अश्विनी रिहे गावची. ती सांगते की मला बघायला आले तेव्हा माणसं जीपभर आली होती, पण अण्णांनी निरोप पाठवला की चहा आधी एकच कप टाका. तिच्या आईला वाटलं बाकीचे चहा पीत नसतील. अण्णांनी तो कप प्याला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, आता बाकीच्यांचा टाका. अश्विनी म्हणते, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

हे सगळं मला फार गमतीचं वाटायचं. दुसऱ्याच्या घरचा विक्षिप्तपणा नेहमीच गमतीचा असतो. मागच्या एप्रिलपर्यंत तो दुसऱ्याच्या घरचा होता.

झालं असं, की अण्णांची नात आरोही पहिली पास झाली. गावाजवळची तिची छोटी इंग्रजी शाळा पहिलीपर्यंतच होती. दुसरीपासून तिचं नाव हिंजवडीच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत घातलं. त्याच भागात महेशची नोकरी, आणि जूनपासून अश्विनीलाही तिकडेच एका ऑफिसात काम मिळालं. दोघांना सकाळी लवकर निघावं लागणार. शिवाय महेशने तिकडे एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, त्याची किल्ली नुकतीच हातात आली होती.

अश्विनी आडपडदा न ठेवता बोलणारी मुलगी आहे. तिने पडवीत सगळ्यांसमोर, मीही होते तिथे, अण्णांना सांगितलं की मला इथून जायची हौस नाही. पण सकाळी आम्ही दोघं गेल्यावर पोरीला उठवून, आवरून, खायला घालून बसमध्ये बसवायचं काम रोज झालं पाहिजे, आणि रडारड न होता झालं पाहिजे. "जून बघू, अण्णा. जमलं तर ऱ्हाऊ हितंच. न्हाई जमलं तर फ्लॅटवर जाऊ."

आरोही त्या वेळी अण्णांच्या मांडीवर बसून त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची चावी फिरवत होती. त्यांनी तिला हळूच खाली उतरवलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात खडूची नवी पेटी होती.

"ट्रायल घ्यावी लागंल," ते म्हणाले.

सकाळचं गणित बसलं नाही तर नात जाणार, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडाने बोलत नव्हतं. अण्णा तर अजिबातच नाही. ते फक्त कामाला लागले. आणि माझी गंमत संपली ती इथे, कारण अण्णांनी जाहीर केलं की टाकी एक, जिना एक, पाण्याची मोटर एक, म्हणजे लाईन एक. आमची मुक्ता गावातल्याच शाळेत जाते. घरातून निघून पाणी प्यायला थांबली तरी घंटेच्या आधी पोचते. तिच्या शाळेसाठी पहाटे उठायची आम्हाला काडीची गरज नव्हती. पण आम्ही लाईनवर होतो.

सगळ्यात आधी संदीप सापडला. त्याला अंघोळीला वेळ लागतो. तो आत गाणी म्हणतो, आणि एकाच गाण्यावर त्याचं भागत नाही. वरच्या नळाची धार सुरू राहिली की खालच्या न्हाणीत थेंब थेंब येतं. अण्णा आमच्या दाराबाहेर उभे राहून शांतपणे म्हणायचे, "संदीपराव, पीस अडाकलाय." दोन-चार दिवस गाणं चालू राहिलं. मग गाण्याची कडवी कमी झाली. मे महिना सरता सरता माझा नवरा कोरड्या घशाने अंघोळ करू लागला. लग्न झाल्यापासून मला हे जमलं नव्हतं, म्हणून मी वरवर कुरकुर केली आणि आतून अण्णांना दुवा दिला.

मग सामान आलं. शाळेचं सामान म्हणजे आपण दुकानात जातो, आणतो, पोरांना देतो. अण्णांकडे ते आधी तपासणीला जातं. डबा आणला तर त्यात काकींकडून मटकीची पातळ उसळ भरून घेतली. डबा दप्तरात, आणि दप्तर स्वतःच्या पाठीवर. गुलाबी दप्तर, वर कान उभारलेला ससा. ते घालून साठी ओलांडलेला हा माणूस आमच्या गल्लीतून मेन रोडपर्यंत पळत गेला आणि पळत परत आला, कारण आरोही चालत नाही, पळते. दप्तर उघडलं तर अस्तर पिवळं. डबा नापास. दुसरा डबा आला, पुन्हा उसळ, पुन्हा पळापळ. तिसरा डबा पास झाला तोवर गावातल्या निम्म्या लोकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "अण्णांचं बरं हाय ना?"

रेनकोटची तपासणी भर उन्हात झाली. अण्णांनी विहिरीवरची मोटर चालू केली, आरोहीला रेनकोट घालून, पाठीवर दप्तर अडकवून खाचराच्या बांधावर उभं केलं आणि पाईप धरला. ती किंचाळून हसत होती. आमची मुक्ता धावत गेली आणि आपलाही रेनकोट तपासा म्हणाली, जो तिच्याकडे नव्हताच. गल्लीतली पोरं गोळा झाली. अण्णा प्रत्येकाला गंभीरपणे भिजवत होते. रेनकोट पास झाला, पण दप्तराचा तळ गळाला. ते ओलं दप्तर घेऊन अण्णा पिरंगुटला दुकानदाराकडे गेले. दुकानदार म्हणाला, बाबा, असं कुणी पाईपखाली धरून बघत नाही. अण्णा म्हणाले, आता बघितलं की. दुकानदाराने दप्तर बदलून दिलं. अण्णांसमोर माणसं शेवटी बदलून देतात.

पुस्तकांना कव्हरं घालायचं काम माझ्याकडे होतं. मी पहिलं पुस्तक नीट दुमडून, चिकटवून, लेबल लावून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कडा बघितल्या, कौतुकाने मान डोलावली आणि ते गच्चीवरून खाली टाकलं. खाली काकी म्हशीची पेंड भिजवत होत्या, त्यांनी वर बघून जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. कव्हर मात्र जागेवर होतं. पुस्तक खराब नको म्हणून खूण जिन्याच्या पायरीवर झाली आणि मग मी बाकीची कव्हरं घातली. खरं सांगते, मला त्या खुणेचा आनंद झाला. दवाखान्यात माझ्या कामावर कुणी बरोबरची खूण करत नाही.

एके दिवशी दुपारी अण्णा वर आले. दारातच घुटमळले. म्हणाले, "ताई, येक काम व्हतं. पन हसायचं न्हाई."

त्यांना वेणी शिकायची होती. नव्या शाळेत दोन घट्ट वेण्या आणि पांढरी रिबीन सक्तीची होती. अश्विनी तोवर निघून गेलेली असणार, काकी त्या वेळी गोठ्यात धारा काढत असणार. मी म्हटलं मी घालीन की रोज, त्यात काय. ते म्हणाले, तुम्ही आज आहात, उद्या दुसरीकडे खोली घ्याल. लाईन भाडोत्री माणसावर चालवायची नसते. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला राग यायचाही राहून गेला.

मग मी त्यांना खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधून दिले. कारखान्यात या माणसाची बोटं लोखंडाच्या कडेवरची केसाएवढी चूक ओळखायची म्हणतात. इथे सुतळीचे तीन पदर त्यांना ऐकेनात. दोन पदर हातात घेतले की तिसरा सुटायचा. "दोन हात आन् तीन पदर," ते वैतागून म्हणाले, "येक कायम मोकळंच ऱ्हातंय. त्येला सांभाळायचं कुनी?" मी म्हटलं, बायका सांभाळतात कसंतरी. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या आठवड्यात खालच्या प्रत्येक खिडकीच्या गजाला, गोठ्याच्या खुंटीला, मोटरच्या वायरीलासुद्धा वेण्या लोंबत होत्या.

आरोहीच्या डोक्यावरची पहिली वेणी झाली तेव्हा आम्ही सगळे पडवीत होतो. तिने आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि अण्णांच्या खिशातल्या खडूकडे हात न नेता म्हणाली, "रिवर्क." काकी इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. अण्णांनी वेणी सोडली आणि पुन्हा घातली. मे संपेपर्यंत त्यांच्या वेण्या अशा घट्ट बसू लागल्या की पोरगी दिवसभर जराशी आश्चर्यचकित दिसायची.

शेवटी सगळ्या लाईनची एकत्र ट्रायल झाली. शाळा उघडायला अजून अवकाश होता. पण सकाळी अश्विनी आणि महेश खरोखरच गाडीवरून निघाले आणि कोपऱ्यावर जाऊन थांबले, म्हणजे ते गेले असं समजायचं. मोटर, अंघोळ, दूध, पोळीचा रोल, वेण्या, मोजे, डबा. संदीप गाण्याविना बाहेर आला. अण्णा नव्या गणवेशातल्या आरोहीला घेऊन मेन रोडला उभे राहिले. दूधवाल्याने गाडी थांबवून विचारलं की शाळा कधी सुरू झाली. अण्णांनी सांगितलं, चालू नाही, ट्रायल आहे. न आलेल्या बसची वेळ झाल्यावर दोघं घरी परतली. आरोहीने विचारलं, मग आज मी काय शिकले? अण्णा म्हणाले, "वेळंवर उभं ऱ्हायला. निम्मी शाळा तीच हाय."

जून उजाडला आणि मी शपथेवर सांगते, ते घर घड्याळासारखं चाललं. रडारड नाही, धावपळ नाही, मोजा हरवला नाही. बस यायच्या आधी पोरगी रस्त्यावर हजर. ऑफिसातून अश्विनी फोन करायची तेव्हा अण्णा सांगायचे, गेली, डबा घेऊन गेली, हसत गेली. पहिला आठवडा असा पार पडला. मला वाटलं, झालं, अण्णा जिंकले.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी बस गेल्यावर अण्णांनी स्कूटर बाहेर काढली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, माल दारातून गेला म्हणजे काम संपलं नाही, गिऱ्हाइकाकडे कसा पोचला हे बघावं लागतं. आणि ते बसच्या मागे गेले. दुपार कलल्यावर परतले. चेहरा धुळीने माखलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. काकींनी विचारलं, पोचली का पोर? म्हणाले, झकास पोचली. आणि खाचराकडे निघून गेले.

बुधवारी संध्याकाळी अश्विनी पेढे घेऊन आली. पडवीत सगळ्यांना वाटले. म्हणाली की अण्णा, मला वाटलं नव्हतं, पण तुम्ही करून दाखवलंत. आम्ही ठरवलंय, फ्लॅट भाड्याने देऊन टाकतो, राहतो इथेच. काकींनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. संदीपने टाळ्या वाजवल्या, कारण त्यालाही आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं. अण्णांनी पेढा घेतला. हातात धरून ठेवला. म्हणाले, "व्हय, चांगलं झालं," आणि पाण्याची मोटर बघायला गेले. मोटर बंदच होती.

त्या रात्री, काकींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पहिली भाकरी ताटात पडली तर त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. सरळ मोडून खाल्ली. काकींना वाटलं ताप आला असेल.

गुरुवारी संध्याकाळी मी मुक्ताला बोलवायला खाली गेले तेव्हा पडवीत सगळं घर बसलं होतं. आरोही काकींच्या मांडीवर ताटासमोरच झोपली होती, तोंडातला घास तोंडात. अण्णा बोलत होते. बस इथून निघते, मग माण गावात पोरं घेते, मग हिंजवडीच्या गर्दीत उभी राहते ती राहतेच. पोरगी खिडकीला डोकं लावून झोपते. खड्डा आला की डोकं काचेवर आपटतं, जागी होते, पुन्हा झोपते. शाळेच्या दारात ती बाकीच्या पोरांसारखी पळत नाही, कुणीतरी हाताला धरून उतरवतं. एवढ्या पहाटे उठून, एवढं सगळं नीट आवरून, शाळेत पोचते ती दमलेली.

"घर पास हाय," ते म्हणाले. "रस्ता न्हाई. तुमी फ्लॅटवर जावा."

अश्विनी म्हणाली की सवय होईल अण्णा, सगळ्यांची मुलं जातात अशीच. महेशही तेच म्हणाला. अण्णांनी फक्त मान हलवली, नाही अशी. मी त्या माणसाला इतके दिवस मानेने हो म्हणताना आणि नाही म्हणताना बघितलं आहे, पण ही मान हलवताना त्यांना किती जड गेलं ते मला लांबूनही दिसलं.

काकी एवढंच म्हणाल्या, "मला इचारलं का? माझीबी नात हाय." आणि झोपलेल्या पोरीला उचलून आत घेऊन गेल्या.

मला अण्णांचा भयंकर राग आला होता. आपण एखाद्यासाठी पहाटे उठतो, नवऱ्याची गाणी बंद करतो, सुतळीच्या वेण्या घालायला शिकवतो, आणि जिंकल्यावर तोच माणूस म्हणतो की नको. कुणी सांगितलं होतं त्यांना बसच्या मागे जायला? कुणालाही काही कळलं नसतं. हे मी संदीपला सांगत होते, पण आवाज खाली ऐकू जाईल एवढा ठेवला होता.

रविवारी टेम्पो आला. त्याआधी शनिवारी अण्णा एकटेच फ्लॅटवर जाऊन आले. तिथली न्हाणी, नळ, लिफ्ट, फाटकापासून शाळेपर्यंतचा रस्ता पायी चालून बघितला. घरून निघून पाय मोकळे होतात न होतात तोच शाळा येते म्हणाले. पास आहे म्हणाले. टेम्पोत सामान चढवताना त्यांनी आपल्या सगळ्या सूचना एकामागोमाग अश्विनीला ऐकवल्या, आणि तिने एकही उलट उत्तर न देता ऐकल्या. आरोहीने सगळ्यांना हात केला. तिला लिफ्टचं इतकं कौतुक होतं की ती रडायला विसरली. ते एक बरं झालं.

सोमवारी सकाळी मला नेहमीच्या वेळेला जाग आली. लाईन बंद पडली होती, पण शरीराला ते कुणी सांगितलं नव्हतं. गच्चीवर आले तर अण्णा मेन रोडला उभे. अंघोळ झालेली, धुतलेला शर्ट, हात मागे बांधलेले. वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही आता. चप्पल अडकवून मी खाली धावले आणि गेल्या गेल्या थोडं रागानेच विचारलं की हे काय, कोणासाठी उभे आहात?

"ड्रायवरला सांगाया आलोय," ते म्हणाले. "त्येला ठावं नसंल. उगा थांबंल."

मी म्हटलं, महेशने शाळेत कळवलं असेल की. ते म्हणाले, शाळेत कळवलं म्हणजे ड्रायव्हरला कळलं असं नसतं. माझ्या मनात गुरुवारपासून साठलेलं होतं, ते बाहेर आलंच. म्हटलं, अण्णा, नसता गेलात मागे तर काय बिघडलं असतं?

ते रस्त्याकडे बघत होते.

"मी ग्येल्या सोमवारीच बघितलं व्हतं, ताई. तिचं डोकं काचंवर आपाटलेलं. आन् घरी यून म्हनलो, झकास पोचली." त्यांनी पायाने एक खडा कडेला सरकवला. "सोमवार ग्येला, मंगळवार ग्येला, मी गप. पोरगी रोज तशीच जातीया आन् मी तिला वेण्या घालून बसवतोय. बुधवारी सूनबाईनं पेढा दिला तवा वाटलं, जाऊ द्यावा ह्यो पीस. कुनाला कळतंय? आख्ख्या आयुष्यात तसं कवा वाटलं न्हवतं. लई वाटलं."

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. या माणसाने साहेबासमोर अडवून धरलेल्या लाईनींच्या गोष्टी मी हसत हसत सगळ्यांना सांगितल्या होत्या. तिथे त्यांचं स्वतःचं काही जात नव्हतं. इथे सगळंच जात होतं, आणि ते आधी तीन दिवस डगमगले आणि मग त्यांनी ते जाऊ दिलं. मला त्यांच्या त्या तीन दिवसांचीच जास्त माया आली.

मी म्हटलं, अण्णा, तिकडे ती आता मजेत असेल. तिची शाळा अजून किती वेळाने आहे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने लांबूनच अण्णांना ओळखलं, सवयीने बस कडेला घेतली आणि दार उघडलं. अण्णा दोन पावलं पुढे गेले. ड्रायव्हर त्यांच्या आजूबाजूला बघत होता, पोरगी कुठे आहे म्हणून.

"जावा तुमी," अण्णा त्याला म्हणाले. आत पोरं झोपलेली होती म्हणून की काय, अगदी हळू आवाजात. "ती आजून झोपलीया. झोपू द्या तिला."

ड्रायव्हरने मान डोलावली आणि दार लावलं. बस माणच्या दिशेने वळेपर्यंत अण्णा बघत राहिले. मग आम्ही दोघं घराकडे चालू लागलो.